पंपघराचं कुलूप

चांगली बातमी या घराला कधी पचली नाही. वाईट बातमी आली की सगळे एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून बसतात, आणि चांगली आली की भांड्याला भांडं लागलंच म्हणून समजा. रविवारी सकाळीही तेच झालं.

खाली दुकान बंद होतं. वर जेवणाच्या टेबलाशी सगळे चहा घेत होते. धाकट्याची पोरगी, घरातला पहिला काळा कोट, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आली.

"मोठे काका, सुटलात! म्हणजे जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे किती?" थोरल्याने बशीतून मान वर न करता विचारलं.

"सरकारी वकीलबाईंनी अर्ज दिलाय. पंपघराचा खटला मागे घ्यायचा म्हणून. उद्या कोर्टापुढे आहे."

थोरलीने, थोरल्याच्या बायकोने, हातातली किटली खाली ठेवली. धाकट्याने टेबलावर थाप मारली, ती साखरेच्या भांड्यावर पडली. आत्या, म्हणजे या दोघा भावांच्या मधली बहीण, तिने मात्र आधी थोरल्याच्या तोंडाकडे बघितलं. नऊ वर्षांत या खटल्याचं काहीही निघालं की ती आधी त्याच्याकडेच बघायची.

नऊ वर्षांपूर्वी पाणीखात्याने गल्लीचं पंपघर बंद केलं. पाणी दुसऱ्या वस्तीला वळवायचं होतं. साहेब आले, दाराला हे एवढं मोठं कुलूप घातलं आणि दोन पावलं मागे सरले. गल्ली बादल्या घेऊन रस्त्यात बसली. घोषणा, ढकलाढकली, पोलिसांची गाडी. आणि त्या गोंधळात कधीतरी पंप धडधडायला लागला. बघतात तर दार सताड उघडं आणि कुलूप कोयंड्यात लटकतंय. न तुटलेलं. वर आणि बंद केलेलं! गल्लीत कुलूपवाल्याचं घर एकच. फौजदाराने थोरल्याला विचारलं, "किल्लीशिवाय हे उघडायला तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला जमेल?" थोरला म्हणाला, "कुणाच्याच नाही." झालं. तेवढ्यावर गाडीत बसवला.

"सरकारला एवढ्या वर्षांनी दया कशी काय आली?" धाकट्याने विचारलं.

"बाबा, सरकारने पत्र पाठवलं, पाण्याच्या आंदोलनातले खटले काढून टाका म्हणून. पण सरकार नुसतं सांगू शकतं. खटला मागे घ्यायचा की नाही, हे सरकारी वकिलाने स्वतःचं डोकं चालवून ठरवायचं. वरून चिठ्ठी आली म्हणून अंगठा उठवला, असं चालत नाही. आणि तिने ठरवलं तरी कोर्टाने 'बरं' म्हणायला लागतं."

"म्हणजे तिघांचं जमलं पाहिजे," धाकटा म्हणाला. "आपल्या घरात दोघांचं जमत नाही."

"आणि आरोपीला काय विचारतात?" थोरल्याचा आवाज.

"तुम्हाला? तुम्हाला कशाला विचारतील, काका? सुटणाऱ्याला 'सुटू का' म्हणून विचारतात होय?"

"मग मी न विचारता सांगणार. माझी हरकत आहे. खटला चालू दे."

किटलीचं झाकण थोरलीच्या हातातून निसटलं आणि टेबलाखाली गोल गोल फिरत राहिलं.

"दादा, डोकं ठिकाणावर आहे ना?" धाकटा उठलाच. "नऊ वर्षं तू तारखांना जातोयस आणि दुकान मी बघतोय. गिऱ्हाईक विचारतं, थोरले कुठे? मी सांगतो, कोर्टात. ते दोन पावलं मागे सरकतं. मग मी सांगतो, अहो, तेच ते, पंपघराचं कुलूप उघडणारे. मग दोन पावलं पुढे येतं. ही कवायत बंद होतेय तर तुला नको?"

"नको."

"काका, नीट ऐका," पोरगी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "कुलपाला हात लावताना कुणालाच कुणी बघितलं नाही. पुरावा नाही, यावरच वकीलबाईंचा अर्ज उभा आहे. आणि उद्या तुम्ही कोर्टात उठून छाती काढून 'मीच उघडलं' म्हणालात, तर मग अर्जाला राहिलं काय? तुम्ही फक्त गप्प बसायचंय. हात जोडते."

"आयुष्यभर गप्पच बसलोय," थोरला म्हणाला. त्यावर त्याच्या तीन जवळच्या माणसांना एकदम खोकला आला.

तो उठून खाली दुकानात गेला. रविवारी दुकानात जायचं म्हणजे तो चिडलाय, हे घरातलं मांजरसुद्धा ओळखायचं.

*

थोरली थोड्या वेळाने मागून उतरली. तिला भांडायचं नव्हतं. भांडून हा माणूस हलत नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं होतं. तिला आता फक्त कारण हवं होतं. परदेशात लेकीच्या घरी पाळणा हललाय, नात बसायला लागली, रोज फोनच्या पडद्यावर हात मारते. खटला अंगावर आहे म्हणून याचा पासपोर्ट अडकलेला. एकटी जा म्हणतात सगळे. ती एकटी कधी दुसऱ्या गावाला गेलेली नाही, विमानात कशी बसेल?

थोरला कामाच्या बाकाशी बसला होता. पुढ्यात एक जुनं कुलूप, मधोमध कापून उघडलेलं, आतल्या स्प्रिंगा दिसत होत्या. असली फाडलेली कुलपं बाकाखाली पोत्यात भरलेली होती. थोरलीने ती नऊ वर्षं झाडून काढली होती आणि कधी विचारलं नव्हतं.

"अहो, नात बघायची नाही का तुम्हाला?"

"बघायची आहे."

"मग?"

त्याने कानस उचलली, परत ठेवली. दाराकडे बघितलं.

"जवळ ये. कुणाला सांगायचं नाही."

"आता या वयात काय सांगताय!"

"ते कुलूप मी उघडलं नाही."

थोरली खाली खोक्यावर बसली.

"मी पोचलो तेव्हा पंप चालूच होता," तो म्हणाला. "फौजदाराने विचारलं, कुणाला जमेल, तर मी सांगितलं कुणालाच नाही. खरंच सांगितलं. मग तो म्हणाला म्हणजे तुम्हीच. सगळी गल्ली ऐकत होती. टाळ्या पडल्या गं! आता टाळ्या पडल्यावर माणूस नाही कसं म्हणेल?"

"म्हणजे नुसत्या टाळ्यांसाठी तुम्ही..."

"ते सोड. उघडलं कसं, हे मला कळलं नाही. त्या जातीची किती कुलपं आणून फाडली बघ. किल्लीशिवाय आणि ओरखड्याशिवाय उघडतच नाही. मग कुणी उघडलं? कशानं? ते कुलूप पोलिसांनी नेलं, ते अजून कोर्टाच्या ताब्यात आहे. खटला चालला तर एक ना एक दिवस ते टेबलावर येईल. मला एकदा हातात घेऊन बघू देतील. खटलाच मागे गेला तर ते भंगारात जाईल आणि मी मरेपर्यंत असाच."

थोरलीने पोत्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. दारू नाही, जुगार नाही, दुसरी बाई नाही. माणसाला काय लागलं, तर एक कुलूप.

"नातीपेक्षा ते मोठं?"

"तसं नाही," तो म्हणाला. "पण झोप लागत नाही."

*

कुणाला सांगायचं नाही म्हणून सांगितलेली गोष्ट थोरलीने माडी चढेपर्यंत पोटात ठेवली. वर आत्या गच्चीच्या दाराशी कपडे घडी करत होती. घरातल्या दोन बायकांचं फारसं कधी जमलं नव्हतं. आत्या जुन्या मालकिणीसारखी वागते असं थोरलीचं म्हणणं, आणि थोरली पाहुण्यासारखी वागते असं आत्याचं. पण अशा वेळी सांगायला दुसरं कोण?

"वन्सं, तुमच्या भावाने ते कुलूप उघडलंच नव्हतं म्हणे!"

आत्याच्या हातातली चादर तशीच राहिली.

"त्याने सांगितलं तुला?"

"आत्ताच. टाळ्या पडल्या म्हणून नाही म्हणवलं नाही म्हणे. आणि उघडलं कुणी तेही त्यांना माहीत नाही. तेच शोधतायत बसून."

"माहीत नाही?" आत्याचा आवाज एकदम बारीक झाला. "त्याला माहीत नाही?"

"नाही ना! म्हणून तर उद्या हरकत घेणार. कुलूप बघायला मिळावं म्हणून."

आत्याने चादर खाली ठेवली. मग ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता लाल झाली. आणि मग ते हसू कधी रागात गेलं ते थोरलीला कळलंच नाही.

"नऊ वर्षं!" आत्या म्हणाली. "नऊ वर्षं मी समजतेय, दादाने माझा गुन्हा अंगावर घेतला. बहिणीला वाचवलं. त्याच्या पुढ्यात मान खाली घालून वागले. खिडकीवाली खोली त्याने मागितली, दिली. रेडिओ कमी कर म्हणाला, केला. तू स्वयंपाकात माझ्या डोक्यावर बसलीस, बसू दिलं!"

"मी कुठे..." थोरली म्हणाली, आणि मग अर्थ तिच्या डोक्यात शिरला. "वन्सं! तुम्ही?"

"मी."

"पण तुम्हाला कुठे येतं कुलूप उघडायला?"

"येत नाहीच," आत्या म्हणाली. "बाबांनी मुलींना बाकावर बसूच दिलं नाही. मी पडद्यामागे बसून गृहपाठ करायची. दिवसभर कानात नुसतं खट, खट, खट. त्या दिवशी मी बादली घेऊन अगदी दाराशी होते. साहेबाने कुलूप अडकवलं तेव्हा सगळे गप्प होते. त्याने घाईत दाबलं. आणि खट आलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बसलंच नाही ते! दांडी आत गेल्यासारखी दिसत होती, पण अडकली नव्हती. गोंधळ सुरू झाला तशी मी गेले, ओढलं, हातात आलं. दार उघडलं, पंपाचा खटका वर केला."

"मग परत बंद का केलंत?"

आत्याला हा प्रश्नच कळेना. "उघडं कुलूप लटकवत ठेवायचं नाही, असं बाबा म्हणायचे. सवयीनं दाबलं गेलं. तेव्हा मात्र चांगलं खट वाजलं."

थोरलीने पदर तोंडाला लावला. खाली एक माणूस नऊ वर्षं कुलपं फाडतोय, आणि ते बसलंच नसेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. हातात कला आहे ना, त्याचं हे असं होतं.

"वन्सं, चला, आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना."

"मुळीच नाही," आत्या उठली. "कुतूहल आहे ना त्याला? राहू दे. मलाही जरा नऊ वर्षांची मान सरळ करू दे."

"अहो, पण उद्या ते तोंड उघडतील! माझी नात..."

आत्याने चादरीची घडी इतकी कडक घातली की तिला धार आली.

*

सोमवारी कोर्टात गर्दी बेताची होती. पंखा कुरकुरत होता. गल्लीतले बाकीचे आरोपी, आता म्हातारे झालेले, एका बाकावर चष्मे पुसत बसले होते. वकील पोरीने थोरल्याला आपल्या मागेच बसवलं, म्हणजे उठला तर कोट ओढता येईल. थोरली त्याच्या उजवीकडे, धाकटा डावीकडे. आत्या पलीकडच्या रांगेत, मांडीवर तिची जुनी चामड्याची पर्स. ती थोरल्याशी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती आणि का, ते त्याला कळत नव्हतं.

सरकारी वकीलबाई उभ्या राहिल्या. ठेंगण्या, आवाज मात्र भरपूर.

न्यायाधीशांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "बाई, सरकारचं पत्र आलं म्हणून खटला मागे घेताय का?"

"नाही साहेब. पत्र आलं तेव्हा मी ते बाजूला ठेवलं आणि आधी सगळे कागद वाचले. त्या पत्रात दोन खटले असेही होते ज्यांना मी नाही म्हटलं. तिथे माणसाला मार लागला होता. ते खटले चालू राहतील."

पोरीने मान वळवून बापाकडे बघितलं. ही बाई नुसती सही करणारी नाही, हे तिलाही आत्ताच कळत होतं.

"मग यात काय वेगळं?"

"यात माणसं पाण्यासाठी रस्त्यात बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पाणी नंतर सरकारने स्वतःच परत दिलं. आता यांना शिक्षा करून लोकांचं काय भलं होणार? उरतो कुलूप तोडल्याचा आरोप. त्याचा एकही साक्षीदार नाही. म्हणून मी ती वस्तूच मागवून घेतली."

आणि तिने पिशवीतून ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

थोरला अर्धा उठला. पोरीने न बघताच मागे हात घालून त्याची बाही धरली.

"हे तुटलेलं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "किल्लीच्या भोकात एक ओरखडा नाही. दांडी सरळ. खात्याची किल्ली लावून बघितली, उत्तम चालतं. जे तुटलंच नाही ते तोडलं, असं मी कोर्टाला कशी सांगू?"

न्यायाधीश पुढे वाकले. त्यांचा आवाज जरा बदलला, घरच्यासारखा झाला. "पण मग उघडलं कसं?"

"ते मलाही कळलं नाही, साहेब."

कारकुनाने मान लांब केली. दाराशी उभा शिपाई दोन पावलं आत आला. एवढं मोठं कोर्ट, आणि सगळे एका कुलपाकडे बघताहेत.

"आरोपींना काही म्हणायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. त्यांनाही राहवलं नाही, दुसरं काय.

थोरला उठला. बाही सुटली. त्याची नजर कुलपावर होती आणि डोकं भरभर चाललं होतं. भोकात ओरखडा नाही. म्हणजे तार गेलीच नाही. किल्ली तर नव्हती. मग आत कुणीच शिरलं नाही. कुणीच शिरलं नाही तर...

"साहेब, मला..." त्याने सुरुवात केली. थोरलीने डोळे मिटले.

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. पर्स मिटल्याचा. म्हणजे पुरती मिटल्याचा नाही. आत्याने पर्सची कडी मिटत आणली, दाबली, पण अर्धीच. खट आलं नाही, नुसतं चामडं करकरलं. मग तिने भावाकडे बघत एका बोटाने ती उघडली. सहज. परत मिटवली. या वेळी अंगठ्याने पक्की.

खट.

थोरला बहिणीकडे बघत राहिला. कुलपाकडे बघितलं. परत तिच्याकडे. त्याच्या तोंडावरून काय काय गेलं, ते सांगायला बसलो तर कोर्ट उठायची वेळ होईल. आधी काही कळलं नाही, मग कळलं, मग लाज वाटली, आणि शेवटी त्याला हसू यायला लागलं. ते त्याने मिशीत कोंबलं.

"बोला," न्यायाधीश म्हणाले.

"काही नाही साहेब," थोरला म्हणाला. "कोर्टाला योग्य वाटेल ते."

आणि बसला. पोरीने इतका मोठा श्वास सोडला की पुढचा कागद उडाला.

न्यायाधीशांनी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. जिभेवर प्रश्न होता, पण तो विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांनी लिहायला घेतलं. सरकारी वकिलांनी स्वतः विचार करून अर्ज केलाय, हेतू चांगला दिसतो, कोर्टाची संमती आहे. आरोप आधीच ठेवले गेल्यामुळे सगळे निर्दोष सुटले.

*

बाहेर पायऱ्यांवर गल्लीतली म्हातारी मंडळी थोरल्याच्या भोवती जमली. एकाने पाठीवर थाप मारली. "आता तरी सांगा, कसं उघडलंत?"

"मी नाही उघडलं," थोरला म्हणाला. "ही माझी बहीण..."

"काका!" पोरगी किंचाळली. "आत्ता सुटलाय घरातला एक. दुसऱ्याची सोय करू नका!"

थोरल्याने तोंड मिटलं. मंडळींना वाटलं, विनय. आणखी टाळ्या पडल्या. या वेळी त्या त्याला टोचल्या.

घराकडे चालताना तो आत्याच्या बरोबरीला आला. धाकटा आणि पोरगी पुढे, थोरली मधे, कान मागे लावून.

"बसलंच नव्हतं ना?"

"नव्हतं."

"तुला कुठून कळलं?"

"पडद्यामागून."

पुढच्या खांबापाशी तो थबकला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं तू माझ्यासाठी जातोस तारखांना." आत्याने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "मला कुठे माहीत की तू टाळ्यांसाठी जातोस!"

"माहीत असतं तरी गेलो असतो गं," थोरला म्हणाला.

"आता काय, बोलायला फुकट."

"गेलो असतो."

तिने त्याच्याकडे तिरपं बघितलं. खोटं बोलताना त्याचा डावा कान हलायचा, लहानपणापासून. कान हलला नाही.

"खोली," ती म्हणाली.

"कुठली?"

"खिडकीवाली. माझी."

"अगं, पण त्यात माझं सगळं सामान..."

"दादा!"

"घे बाई, घे!"

"आणि रेडिओ मी मोठा लावणार."

"अहो, लावू दे त्यांना," पुढून थोरली म्हणाली. "आपण कुठे इथे असणार आहोत? उद्या फोटो काढायला जायचंय पासपोर्टचा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सामान हललं. थोरला खाली बाकाशी बसून पोत्यातली फाडलेली कुलपं भंगारासाठी वेगळी काढत होता. वर रेडिओ मोठ्याने लागला होता. मधेच तो बंद झाला. आत्याने बहुतेक खिडकीवाल्या खोलीच्या कपाटाला कुलूप लावलं.

थोरल्याने हातातलं काम थांबवलं आणि मान कलती केली.

"बसलं," तो वर तोंड करून म्हणाला.

"नाही बसलं!" वरून आवाज आला. "आता ऐक."

खट.